गुरुवारचं काम : मोटर कंट्रोल पॅनेलच्या देखभालशास्त्राची प्रस्तावना

पुण्यात चार-सहा वर्षं राहिलेल्या माणसाला एक सूचना न वाचताही पाठ असते. पर्वती, वडगाव, वारजे, लष्कर अशी जलकेंद्रांची नावं, मग विद्युत आणि पंपिंगविषयक देखभाल-दुरुस्तीचं कारण, मग गुरुवारी पाणी बंद, आणि शेवटी शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल हे आश्वासन. बुधवारी रात्री घरोघरी पिंपं आणि बादल्या भरल्या जातात. गुरुवारी जलकेंद्रात नेमकं काय चालतं, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यातही गुरुवार हाच अनेक कारखान्यांच्या सुट्टीचा वार. यंत्रं थांबलेली असतात आणि नेमक्या त्याच दिवशी मेंटेनन्सच्या माणसांची हजेरी पूर्ण असते. त्या दिवशी ही माणसं जी विद्या वापरतात, तिची ही ओळख आहे.

ही विद्या मोठ्या सबस्टेशनची नाही आणि मनोऱ्यांवरच्या तारांचीही नाही. पॅनेल रूममध्ये ओळीने उभ्या असलेल्या, राखाडी रंगाच्या, माणसापेक्षा थोड्या उंच लोखंडी कपाटांची ती आहे. सगळे त्याला एमसीसी म्हणतात, म्हणजे मोटर कंट्रोल सेंटर. कपाटात खण असतात. मराठीत टेबलाचा ओढता येणारा ड्रॉवर हाही खण आणि कपाटातला कप्पा हाही खण. इथे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. एका खणात, म्हणजे एका फीडरमध्ये, एका मोटरचा सगळा कारभार असतो: वीज तोडणारा स्विच (आयसोलेटर) किंवा ब्रेकर, मोटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर, जास्त करंट गेला तर तिला वाचवणारा ओव्हरलोड रिले, कंट्रोलचे छोटे फ्यूज, दारावर हिरवं-लाल बटण आणि दिवे. खणाच्या पाठीला तांब्याचे जबडे असतात. खण आत ढकलला की ते मागच्या उभ्या बसबारना, म्हणजे वीज आणणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना, घट्ट धरतात. खण बाहेर ओढला की पकड सुटते. मोटर बिघडली किंवा स्टार्टर बिघडला तर सगळा कारखाना न थांबवता तेवढाच खण काढून घ्यावा, टेबलावर नेऊन दुरुस्त करावा, तोवर तयार ठेवलेला दुसरा खण आत सरकवावा, अशी ही रचना. तिच्या सोयीतच तिचा धोका आहे. खण हातात येतो तेव्हा मागचे बसबार जिवंतच असतात.

मुळात अशी कपाटं लागली कशाला, हेही सांगितलं पाहिजे. जुन्या कारखान्यात एकच मोठं इंजिन असे, छताजवळून एक लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून पट्टे उतरून प्रत्येक यंत्राला गती मिळे. १८८९ साली मिखाइल डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी तीन फेजची, ब्रश नसलेली, दणकट अशी मोटर बनवली आणि प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देणं व्यवहारात आलं. आपल्याकडे १९१५ साली खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुण्याची गोष्ट त्यानंतरची. पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना १९५४ सालचा, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची. त्या दशकात फोर्जिंग, इंजिनं, मोटारी, स्कूटर यांचे मोठे कारखाने पुण्याभोवती उभे राहिले. मोटरी शेकड्यांनी आल्या. प्रत्येक मोटरचा स्टार्टर तिच्या शेजारच्या खांबावर ठेवायचा, तर तेल, धूळ आणि पाणी त्याला खाऊन टाकणार. म्हणून सगळे स्टार्टर एका खोलीत, एका कपाटात आले. मोटर तिकडे शेडमध्ये आणि तिची नाडी इकडे पॅनेल रूममध्ये, असं झालं. नाडीपाशी काम करणाऱ्याला मोटर दिसत नाही आणि मोटरपाशी वाकलेल्याला नाडी दिसत नाही. या विषयातले अनेक अपघात याच अंतरातून जन्मतात.

आता या शास्त्राचा गाभा. शॉप फ्लोअरवर दोन शब्द सर्रास ऐकू येतात: 'बंद' आणि 'डेड'. फीडर बंद केला, मोटर बंद आहे, सप्लाय बंद. आणि दुसरा, लाइन डेड आहे का बघ. नवखा माणूस हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. जुना माणूस कधीच वापरत नाही. 'बंद' हे आपण केलेल्या कृतीचं नाव आहे. हँडल फिरवलं, इतकंच ते सांगतं. 'डेड' हे मोजून मिळालेलं उत्तर आहे. हँडल 'ऑफ' दाखवत असताना आतलं एक पातं अडकून राहू शकतं. स्टॉपचं बटण दाबूनही कॉन्टॅक्टरचे संपर्क वितळून चिकटलेले असू शकतात. लेबल एका खणाचं आणि केबल दुसऱ्याच मोटरची असू शकते, कारण मधल्या कुठल्याशा दुरुस्तीत कुणीतरी अदलाबदल केली आणि लेबल बदलायचं राहिलं. बंदपासून डेडपर्यंत जायला जे काही करावं लागतं, तेवढाच या विषयाचा विस्तार आहे. मी या विषयात तीन दशकं काढली आणि अजून तो विस्तार मला पुरतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. नोकरीचं दुसरं वर्ष, पुण्याजवळचा एक कारखाना, कूलिंग वॉटरच्या पंपाचा फीडर. आयसोलेटर बंद केला, कुलूप घातलं, मीटर लावून तिन्ही फेज तपासले. शून्य. दार उघडून कंट्रोलच्या टर्मिनलचा स्क्रू सैल करायला घेतला आणि हाताला असा झटका बसला की कोपर पॅनेलच्या पत्र्याच्या कडेवर आपटलं. त्याची खूण अजून आहे. पॉवरचा सप्लाय खरोखर गेलेला होता. पण त्या खणात शेजारच्या पॅनेलमधून इंटरलॉकची एक वायर येत होती, पंखा चालू असेल तरच पंप चालू व्हावा म्हणून. तिच्यात २३० व्होल्ट होते आणि माझ्या आयसोलेटरचा तिच्याशी काहीएक संबंध नव्हता. ड्रॉइंगमध्ये ती तुटक रेषेने दाखवलेली होती. मी ड्रॉइंग उघडलंच नव्हतं. आमचे फोरमन आले, त्यांनी आधी माझा हात पाहिला, पाणी दिलं, मग टर्मिनल पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तू बंद केलंस ते तुझं. दुसऱ्याच्या घरून आलेलं कोण बंद करणार?" तेव्हापासून अशा वायरीला मी परका सप्लाय म्हणतो आणि पुढील प्रकरणांतही तोच शब्द वापरला आहे. बंद मोटरला ओल धरू नये म्हणून तिच्या आत हीटर असतो, त्याचा सप्लाय हाही परकाच. मोटर थांबली की तो चालू होतो, म्हणजे नेमका माणूस हात घालतो त्या वेळी.

डेड असल्याची खात्री कशी करायची, त्याची रीत साधी आहे आणि ती तशीच्या तशी पाळावी लागते. मीटर आधी जिथे सप्लाय आहे हे नक्की ठाऊक आहे अशा जागी लावून बघायचा, म्हणजे मीटर स्वतः जिवंत आहे हे कळतं. मग कामाच्या जागी फेज ते फेज आणि प्रत्येक फेज ते अर्थ. मग पुन्हा त्या जिवंत जागी. तिसरी पायरी लोक गाळतात. पण दुसऱ्या पायरीच्या वेळी मीटरची लीड तुटली किंवा आतला फ्यूज उडाला, तर शून्य हा आकडा खोटं सांगतो आणि ते पकडायची जागा ती तिसरी पायरीच. खिशातल्या स्क्रूड्रायव्हरसारख्या टेस्टरवर या कामात विसंबू नये. रबरी मॅटवर उभं राहून, दिवसाउजेडी, त्याचा निऑन इतका मंद पेटतो की तो पेटला आहे हे डोळ्यांना कळतच नाही. व्हेरिएबल स्पीड ड्राइव्ह असेल तर अजून थांबावं लागतं. ४१५ व्होल्ट आत घेऊन तो सुमारे ५८७ व्होल्ट डीसी आपल्या कपॅसिटरमध्ये साठवतो आणि सप्लाय गेल्यावरही काही मिनिटं धरून ठेवतो. किती मिनिटं, ते त्याच्या अंगावर छापलेलं असतं. ती मिनिटं घड्याळ लावून मोजायची आणि मग मीटर लावायचा.

खण ओढताना काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. मोटर आधी तिच्या नेहमीच्या बटणाने थांबवायची. मग आयसोलेटर 'ऑफ'. तो ऑफ झाल्याशिवाय दार उघडू नये असा खटका असतो. त्या खटक्याला चकवायचा एक छोटा स्क्रूही असतो, आणि तो कुठे असतो हे प्रत्येक जुन्या माणसाला ठाऊक असतं. तो स्क्रू फिरवायची पाळी आली तर काम तिथेच थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मग रॅकिंगचं, म्हणजे खण सरकवायचं, हँडल लावायचं. खण थोडा बाहेर येतो, पॉवरचे जबडे सुटतात, पण कंट्रोलचा प्लग अजून जोडलेला असतो. ही टेस्ट पोझिशन. इथे मोटर न फिरवता बटणं, रिले, दिवे तपासता येतात. म्हणजेच इथे कंट्रोलचा सप्लाय जिवंत असतो, हे विसरायचं नाही. अजून ओढला की प्लगही सुटतो, ती आयसोलेटेड पोझिशन. इथे कुलूप घालता येतं. पूर्ण बाहेर काढला की रिकाम्या खणाच्या मागे शटर पडतं, एक पातळ पडदा, आणि पडताना खट्ट असा आवाज येतो. मी शिकवताना मुलांना त्या आवाजाकडे कान द्यायला सांगतो. आवाज आला नाही तर टॉर्च घेऊन बाहेरूनच पाहायचं. हात आत घालून शटर ढकलायचं नाही, कारण पडद्यामागे पूर्ण कारखान्याची वीज उभी असते.

ती किती असते? हिशेब कुणीही करू शकेल असा आहे. १,००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ४३३ व्होल्ट, ५ टक्के इम्पिडन्स. त्याचा पूर्ण भाराचा करंट साधारण १,३३० अँपिअर. त्याच्या टर्मिनलपाशी शॉर्ट झाला तर तो विसाने गुणायचा, म्हणजे साडेसव्वीस हजार अँपिअरच्या आसपास. एखादा पाना बसबारवर पडला किंवा वाकडा खण जबरदस्तीने आत ढकलला आणि जबडा पत्र्याला टेकला, तर ठिणगी राहत नाही, आर्क होतो. त्याचं तापमान सुमारे २०,००० अंश सेल्सियसपर्यंत जाऊ शकतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांचा. तांबं वितळून थांबत नाही, त्याची वाफ होते आणि ती वाफ फुटून बाहेर येते. विजेचा धोका म्हणजे शॉक, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९८२ साली राल्फ ली या अमेरिकी अभियंत्याने विजेच्या या दुसऱ्या धोक्याचं गणित मांडलं: किती अंतरावर, किती वेळात माणसाची कातडी भाजते. आज आर्कपासून वाचवणारे जाड कपडे आणि चेहऱ्यावरचं शील्ड जे दिसतं, त्यांचा उगम त्या गणितात आहे. या धोक्यात हात लागावाच लागत नाही, नुसतं समोर उभं असणं पुरतं. म्हणून हँडल फिरवताना दाराच्या समोर न राहता बाजूला उभं राहायचं. आणि म्हणून खण बाहेर काढताना जितकी काळजी, त्याहून जास्त तो परत घालताना. काढताना माणूस सावध असतो. घालताना संध्याकाळ झालेली असते, उत्पादनवाले फोन करत असतात आणि घाई नेमकी तिथे शिरते.

टेबलावर आलेल्या खणाची सेवा हा या विषयाचा शांत भाग, आणि मला सर्वांत आवडणारा. कॉन्टॅक्टर उघडला की चांदीच्या मिश्रधातूच्या टिकल्या दिसतात, काळवंडलेल्या, खडबडीत. हात आपोआप पॉलिश पेपरकडे जातो. तो आवरावा. काळेपणा हा बहुतेक वेळा चांदीच्या ऑक्साइडचा असतो आणि त्यातूनही वीज नीट जाते. घासून आपण आयुष्य घासतो. टिकली झिजून पाठीचं तांबं दिसू लागलं तर पूर्ण संच बदलायचा, घासायचा नाही. जबड्यांची स्प्रिंग बोटाने दाबून पाहायची. सैल जबडा आधी कोमट होतो, मग गरम, मग निळसर, आणि त्याचा रंग बदलला की त्याने कितीतरी आधीपासून सांगायला सुरुवात केलेली असते हे कळतं. नट हाताच्या अंदाजाने आवळू नये, टॉर्क रेंचने आवळावा. सैल नट तापतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण जास्त आवळलेला ॲल्युमिनियमचा लगही दबून पुढे सैल होतो. धूळ ब्लोअरने उडवू नये, ती एका खणातून दुसऱ्यात जाते. व्हॅक्यूमने ओढून घ्यावी.

पुण्याच्या पावसाळ्यात अजून एक गोष्ट घडते. केबल आत येते त्या भोकाची ग्लँड नीट बसलेली नसली की उबेला पाल येते. पॅनेल रूममध्ये मी दोनदा असा फॉल्ट पाहिला आहे: दोन फेजच्या मध्ये पालीचा कोळसा झालेला, आणि पूर्ण शिफ्ट थांबलेली. म्हणून देखभालीच्या यादीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे न वापरलेली भोकं बुजवणं.

ओव्हरलोड रिलेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण त्याच्यावर अन्याय होतो. आत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. तापली की दोन्ही वेगवेगळ्या मापाने वाढतात, पट्टी वाकते आणि खटका पडतो. मोटर जितकी तापते, त्याच गतीने ती तापावी अशी तिची योजना. एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजमधला करंट वाढतो आणि मोटर घुरघुरत जळायला लागते. रिले तिला वाचवतो. मग कुणीतरी येऊन निळं बटण दाबतं आणि मोटर परत सुरू करतं. पुन्हा पडला की सेटिंग थोडं वर नेलं जातं. रिले हा साक्षीदार आहे. त्याने काय पाहिलं ते विचारल्याशिवाय त्याला रिसेट करू नये: तिन्ही फेजचा करंट टाँग टेस्टरने मोजा, मोटरचं शाफ्ट हाताने फिरवून पाहा, मेगरने इन्सुलेशन बघा. मोठ्या शॉर्टनंतर तर साक्षीदारच जखमी असू शकतो. कॉन्टॅक्टर आणि रिले यांची फ्यूजशी जोडी कशी जुळवली आहे त्याचे आंतरराष्ट्रीय मानकात दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात शॉर्टनंतर स्टार्टर बदलावा लागला तरी चालतं, माणूस सुरक्षित असला पाहिजे. दुसऱ्यात तो पुन्हा कामाला येण्याजोगा राहिला पाहिजे. आपल्या खणात कोणता प्रकार आहे, हे माहीत नसताना 'चालतंय' म्हणून तो परत आत ढकलणं मला मान्य नाही.

कायद्याची बाजू पुढे स्वतंत्र प्रकरणात आहे, इथे एवढंच: १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ३६ वा नियम वाहक किंवा उपकरण हाताळण्यापूर्वी ते अर्थ करून किंवा अन्य योग्य रीतीने विसर्जित करण्याबद्दल सांगत होता, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या व नंतर २०२३ च्या सुरक्षा विनियमांनी तोच धागा पुढे नेला. लोटो, म्हणजे कुलूप आणि टॅग, यांची शिस्त अमेरिकेत १९८९ साली नियम म्हणून आली आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांबरोबर चाकण-रांजणगावात पोचली. तिचं सार एका वाक्यात मावतं: जो आत हात घालतो त्याचं स्वतःचं कुलूप, आणि त्याची किल्ली त्याच्याच खिशात. पाच जण काम करत असतील तर पाच कुलपं. सुपरवायझरचं एक कुलूप पाच जणांना पुरत नाही.

भाषेबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. आयटीआयच्या पाटीवर वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी असे सुंदर शब्द असतात. रोहित्र हा शब्द महावितरणमुळे खेड्यापाड्यात रुळला. यंत्रांविषयी मराठीत लिहिण्याची आपली परंपराही जुनी आहे. नांगर आणि पंप बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीतूनच १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं आणि पुढे त्याचं घराघरांत वाचलं जाणारं मासिक झालं. तरीही आज बहुतेक कारखान्यांत वर्क परमिट इंग्रजीत असतं आणि त्यावर सही करणारा माणूस ते वाचत नाही, कुठे सही करायची तेवढं बघतो. मी शिकवताना ते परमिट मोठ्याने मराठीत वाचून दाखवायला लावतो. 'आयसोलेटेड फ्रॉम ऑल सोर्सेस' या ओळीला एका मुलाने एकदा म्हटलं, "सर, म्हणजे सगळीकडून तोडलंय. पण सगळीकडून म्हणजे कुठून कुठून?" हा प्रश्न त्या ओळीतून इंग्रजीत कधीच उभा राहिला नव्हता. पुढील प्रकरणं त्या मुलाचा प्रश्न धरून लिहिली आहेत. शब्द शॉप फ्लोअरचेच ठेवले आहेत: फीडर, खण, जबडा, शटर, मेगर, परमिट. जिथे मराठी शब्द खरोखर बोलला जातो तिथे तो, आणि नाही तिथे जो बोलला जातो तो.

या विषयात येणाऱ्याला फार मोठी पदवी आणावी लागत नाही. डिप्लोमावाला, आयटीआयचा वीजतंत्री, अभियांत्रिकीचा विद्यार्थी, लायसन्स असलेला कॉन्ट्रॅक्टर, सगळ्यांना इथे जागा आहे. धातुशास्त्रात रस असलेल्याला टिकल्या आहेत, गणित आवडणाऱ्याला आर्कची ऊर्जा आहे, माणसाच्या चुका कशा घडतात याचं कुतूहल असलेल्याला तर पूर्ण विषयच आहे. हाय टेन्शनचे मोठे पंप आणि त्यांचे ब्रेकर यांचं शास्त्र वेगळं, ते इथे घेतलेलं नाही. आपण ४१५ व्होल्टच्या आत राहणार आहोत.

आता गुरुवारची संध्याकाळ. दुरुस्त खण एकेक करून परत गेले आहेत, प्रत्येकाने आपापलं कुलूप आपल्या हाताने काढलं आहे, परमिटवर परतीची सही झाली आहे. तरीही सगळ्या मोटरी एकदम सुरू करत नाहीत. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी तिच्या नेहमीच्या करंटच्या सहापट मागते. सगळ्यांनी एकदम मागितलं तर व्होल्टेज कोसळेल आणि आत्ताच बसवलेले कॉन्टॅक्टर थडथडायला लागतील. म्हणून एक पंप, थांबायचं, करंट बघायचा, जबड्याजवळच्या तापमानावर नजर ठेवायची, मग दुसरा. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पाइपांतली हवा हळूहळू बाहेर काढायची असते, टाक्या भरायच्या असतात. एवढं होईपर्यंत शुक्रवारची पहाट होते, आणि कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर नळ आधी नुसता फुसफुसतो, मग थोडं गढूळ, बारीक धारेने पाणी येऊ लागतं.